अळंबीच्या बियाण्याची कुळकथा

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या बैठकीत आणि हळदीकुंकवाच्या समारंभात हल्ली एक नवा विषय ऐकू येतो. कुणाच्या गॅलरीत, कुणाच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात, तर कुणाच्या जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत पेंढ्याने भरलेली एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली असते. तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले जाते आणि थोड्याच दिवसांत तिच्या चिरांमधून करड्या-पांढऱ्या छत्र्यांचे झुबके बाहेर डोकावू लागतात. ही अळंबीची पिशवी तयारच विकत मिळते. काही जणी तिला ‘किट’ म्हणतात. आणणारीने चिरा द्यावयाच्या, पाणी शिंपडावयाचे आणि वाट पाहावयाची, एवढेच तिचे काम. पहिला झुबका खुडून त्याची भाजी केली की घरातल्या सर्वांना मोठे कौतुक वाटते. आणि कौतुक ओसरते न ओसरते तोच मनात विचार येतो, की असल्या शंभर पिशव्या टांगल्या तर चार पैसे मिळतील काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीत शोधण्यापूर्वी थोडे इतिहासात शोधावे, असे मला वाटते. कारण ह्या पिशवीत पेंढा दिसतो, छत्र्या दिसतात, परंतु तिच्यातली खरी मोलाची वस्तू काही दिसत नाही. ती वस्तू म्हणजे अळंबीचे बियाणे. हे बियाणे माणसाच्या हाती कसे आले, कोणी ते कुलपात ठेवले आणि कोणी ते सर्वांसाठी खुले केले, ही कथा मोठी बोधप्रद आहे. ती ठाऊक असलेली गृहिणी पिशवी आणताना दोन प्रश्न अधिक विचारील, आणि बहुधा फसणार नाही.

प्रथम अळंबी म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. अळंबीला हिरवा रंग नसतो, म्हणून सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करणे तिला जमत नाही. ती कवकवर्गातली, भाकरीवरची बुरशी तिची लांबची बहीण म्हणावी. कुजक्या पानांत, लाकडात, शेणात किंवा पेंढ्यात तिचे पांढरे तंतू पसरतात आणि तेथलेच अन्न शोषून वाढतात. आपण जी छत्री खातो ती ह्या तंतूंचे फळ होय. म्हणजे आंब्याचे झाड सगळे जमिनीत दडून राहावे आणि आंबा तेवढा वर यावा, तसा हा प्रकार. पिकलेली छत्री रात्रभर काळ्या कागदावर उपडी ठेवली तर सकाळी तिच्याखाली बारीक भुकटीची नक्षी उमटलेली दिसते. ही भुकटी म्हणजे अळंबीचे बीजाणू. परंतु ही भुकटी गोळा करून मेथी पेरावी तशी पेरली, तर बहुधा काहीच उगवत नाही. पेंढ्यात व शेणात इतर बुरशींची इतकी गर्दी असते, की ह्या नाजूक बीजाणूला तेथे कोणी उभेही राहू देत नाही. हीच अडचण माणसाला शतकानुशतके सुटली नाही.

आपल्याकडे अळंबी काही नवी नाही. मृग-आर्द्रांचे पाऊस होऊन गेले, की कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी कातकरी, वारली, ठाकर भगिनी रानातून टोपल्या भरून अळंबी आणतात आणि पानांत बांधून रस्त्याच्या कडेला विकावयास बसतात. कोणती खाण्याजोगी आणि कोणती विषारी, हे त्यांस आई-आजीकडून कळलेले असते. गोव्यात हिला अळमी म्हणतात, आणि वारुळावर उगवणाऱ्या अळमीला तर पावसाळ्यात सोन्याचा भाव येतो. ह्या वारुळावरच्या जातीची गंमत अशी, की तिची शेती करते वाळवी! वाळवी चघळलेल्या काटक्या-पानांचे मऊ वाफे वारुळाच्या पोटात रचते, त्यांवर हे कवक वाढविते आणि त्याच्यावर आपल्या कुटुंबाचे पोट भरते. माणसाने पुष्कळ खटपट करूनही ही जात व्यापारी प्रमाणावर घरच्या वाफ्यात पिकविणे त्यास अद्याप साधलेले नाही. येवढ्याशा कीटकाने जे साधले ते आपणांस साधले नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आपल्या जुन्या ग्रंथांनी मात्र अळंबीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा ह्यांच्या पंगतीलाच अळंबीही वर्ज्य म्हणून सांगितली आहे. घाणीत उगवणारी वस्तू, शिवाय तिच्या वाणाच्या विषारी बहिणी शेजारीच उगवणाऱ्या. तेव्हा सावधगिरीचा भाग त्यात असावा. काही घरांतून आजही ती शिजत नाही. ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी ती खावी, असा माझा मुळीच आग्रह नाही. परंतु कांदा-लसूण जसे पुष्कळ घरांत मागल्या दाराने येऊन पुढल्या ओटीवर बसले, तशीच अळंबीही आता बसू लागली आहे. रानातली अळंबी गोळा करणे निराळे आणि ती हुकमी पिकविणे निराळे, हे लक्षात घेऊन आता पिकविणाऱ्यांकडे वळू.

अळंबी मुद्दाम पिकविण्याचे जुने दाखले पूर्वेकडचे, चीन देशातले आहेत. तेथील डोंगराळ भागातले लोक झाडे तोडून त्यांच्या ओंडक्यांवर कुऱ्हाडीने खाचा पाडीत आणि ते ओंडके दमट सावलीत टाकून ठेवीत. वाऱ्याबरोबर येणारे बीजाणू खाचांत रुजत आणि वर्षा-दोन वर्षांनी शिताके नावाने आज प्रसिद्ध असलेली अळंबी त्यांवर येई. वांग झेन ह्या चिनी अधिकाऱ्याने १३१३ च्या आपल्या शेतीविषयक ग्रंथात ही रीत नोंदली आहे. जपानातही हीच रीत पडली. परंतु ह्यात माणसाचे काम खाच पाडण्यापुरतेच. पेरणी करावयाची ती वाऱ्याने. वारा प्रसन्न झाला तर पीक, नाही तर सगळे लाकूड फुकट.

युरोपात ही विद्या निराळ्याच वाटेने आली. सतराव्या शतकात पॅरिस शहराभोवतीचे माळी घोड्याच्या लिदीच्या उबदार वाफ्यांवर खरबुजे पिकवीत. खरबुजांचा हंगाम संपल्यावर त्या जुन्या वाफ्यांवर पांढऱ्या अळंब्या आपोआप उगवतात, असे त्यांच्या नजरेस आले. ज्या लिदीत पांढरे तंतू पसरलेले दिसत, तिचा ढेकूळ उचलून नव्या वाफ्यात पुरला की तेथेही अळंबी येते, हेही त्यांनी हेरले. आपण दुधाला विरजण लावतो तसाच हा प्रकार होय. चौदाव्या लुईच्या राजवाड्यातल्या बागेत अशी अळंबी होऊ लागली आणि तूर्नफोर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०७ मध्ये ह्या लागवडीचे वर्णन तेथील विद्वत्सभेपुढे मांडले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसखालच्या दगडांच्या जुन्या खाणींत ही शेती उतरली. वर घरे बांधण्यासाठी चुनखडीचा दगड काढून नेलेला आणि खाली मैल मैल लांबीची अंधारी भुयारे मोकळी पडलेली. तेथे उन्हाळा नाही, हिवाळा नाही, बारा महिने एकसारखी थंड हवा! दिव्याच्या उजेडात वाकून काम करणारे माळी तेथे वाफ्यांच्या रांगा लावीत, आणि त्या अळंबीला पॅरिसचेच नाव पडले.

परंतु विरजणाची जी अडचण, तीच ह्या बियाण्याची. एकाच विरजणावरून वर्षानुवर्षे दही लावीत गेले तर केव्हातरी ते बिघडते, तार सुटते, आंबट होते. तसेच एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेलेले बियाणे थकत जाई. त्यात रोग शिरत, दुसऱ्या बुरशी शिरत, पीक घटत जाई. मग माळी नव्या, ताज्या बियाण्याच्या शोधात उकिरडे आणि तबेले धुंडाळीत फिरत.

ह्याच सुमारास इंग्लंडात अळंबीच्या बियाण्याचा एक तयार माल निघाला, आणि तो आजच्या आपल्या पिशवीची पणजी म्हणण्याजोगा आहे. आपला घाण्याचा बैल जसा गोल फिरतो, तसे तेथील गिरण्यांत घोडे छपराखाली गोल फिरत. त्यांच्या पायवाटेवर लीद आणि माती तुडवून तुडवून एकजीव होई आणि तिच्यात अळंबीचे तंतू आपोआप पसरत. हे अस्सल बियाणे समजले जाई. लीद, शेण आणि माती ह्यांच्या विटा थापावयाच्या, त्यांत ह्या बियाण्याचा तुकडा दाबावयाचा, उबेत ठेवून तंतू विटेभर पसरू द्यावयाचे आणि मग वाळवून विकावयाच्या, असा तो धंदा होता. म्हणजे आपल्या गोवऱ्याच जणू, फक्त आत जीव असलेल्या! ह्या विटा आगबोटीने अमेरिकेपर्यंत जात. घेणाऱ्याने वीट फोडावी आणि तुकडे वाफ्यात पुरावेत. परंतु विटेत कोणत्या जातीची अळंबी आहे, ती जिवंत आहे की प्रवासात मेली, हे पीक येईपर्यंत कळावयास मार्ग नव्हता. विकणाऱ्याने पैसे घेतलेले असत आणि घेणारा दोन महिने रिकाम्या वाफ्याकडे पाहत बसे.

ही आंधळी कोशिंबीर थांबविण्याची विद्या प्रयोगशाळेत जन्मास आली. फ्रान्समध्ये पाश्चर ह्यांच्या संशोधनामुळे हवेत, पाण्यात, अन्नात अदृश्य जंतू असतात आणि उष्णतेने ते मारता येतात, हे सिद्ध झाले होते. तेच ज्ञान अळंबीला लावून कोस्तांतँ आणि मात्र्युशो ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८९४ च्या सुमारास बीजाणू रुजवून निर्जंतुक केलेल्या खतावर अळंबीचे शुद्ध तंतू वाढविले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून असे शुद्ध बियाणे विक्रीस येऊ लागले. थकलेल्या बियाण्याची अडचण दूर झाली खरी. परंतु ते बनविण्याची कृती बाहेर सांगितली जात नव्हती. शेतकऱ्याने बियाणे घ्यावे, विद्या मागू नये, अशी ती व्यवस्था होती.

येथे ह्या कथेत एका स्त्रीचा प्रवेश होतो, आणि आपल्या स्मरणिकेत तिचे नाव यावयासच हवे. मार्गारेट क्ले फर्ग्युसन ही अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबात १८६३ साली जन्मलेली मुलगी. लहान वयातच ती शाळेत शिकवू लागली, शिकवीत शिकवीत शिकत गेली, आणि पुढे वेलस्ली ह्या मुलींच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका झाली. अळंबीचा बीजाणू रुजतो कसा, ह्या प्रश्नाचा तिने चिकाटीने पाठपुरावा केला. निरनिराळे द्रव, निरनिराळी उष्णता, निरनिराळ्या जाती घेऊन तिने प्रयोग केले. तिच्या हाती आलेली एक गोष्ट फार सुंदर आहे. नुसत्या बीजाणूंना अंकुर फुटणे कठीण. परंतु शेजारी त्याच अळंबीचे जिवंत, वाढते तंतू असले, तर ते बीजाणू भराभर रुजतात. नवीन जीवाला आपल्या माणसांची सोबत लागते, हे आपण बायकांनी कुणाकडून शिकावयास नको; परंतु ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून देणे, हे तिचे काम. तिचा हा निबंध १९०२ साली अमेरिकन सरकारच्या शेतीखात्याने छापून प्रसिद्ध केला. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेच्या वनस्पतिशास्त्र परिषदेची ती पहिली स्त्री अध्यक्ष झाली.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०५ साली, त्याच शेतीखात्याने डगर नावाच्या शास्त्रज्ञाची पुस्तिका काढली. त्याने दाखविले, की बीजाणूच्या मागे लागण्याचीही जरुरी नाही. ताज्या, निरोगी अळंबीच्या आतल्या गराचा लहानसा तुकडा स्वच्छ सुरीने काढावा आणि निर्जंतुक केलेल्या बाटलीत ठेवावा. त्यातूनच तंतू फुटतात आणि येणारे पीक आईच्याच गुणाचे येते. गुलाबाची फांदी लावावी तसे हे झाले. ह्याच डगर ह्यांनी उतारवयात ऑरिओमायसिन हे प्रसिद्ध औषध शोधून काढले. परंतु आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट ही, की त्यांची बियाण्याची कृती सरकारी पुस्तिकेत छापली गेली. जी विद्या एका संस्थेच्या कपाटात होती, ती आता कोणाही वाचणाऱ्याची झाली. अमेरिकेत ठिकठिकाणी बियाणे बनविणारे निघाले आणि परदेशी विटांची सद्दी संपली.

ह्या कथेतला आणखी एक टप्पा आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळचा आहे. बियाणे तोपर्यंत लिदीतच वाढवीत. पेनसिल्व्हेनियातल्या सिंडेन नावाच्या संशोधकाने लिदीऐवजी शिजवलेले धान्य वापरले आणि १९३२ साली त्यास त्याचे पेटंट मिळाले. गहू अर्धवट शिजवावा, बाटलीत भरावा, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करावा आणि थंड झाल्यावर त्यात शुद्ध तंतू सोडावेत. बाटली अधूनमधून हलविली की दाणा दाणा पांढऱ्या तंतूंनी मढतो. असे दाणे मूठभर घेऊन पेरणी करता येते. आजही जगभर बियाणे बहुतांशी ह्याच रीतीने तयार होते. आपल्याकडे गव्हाप्रमाणे ज्वारीही वापरतात. धान्य निवडणे, शिजवणे, निथळणे, दाबाखाली वाफवणे, हात आणि भांडी स्वच्छ ठेवणे ह्यांपैकी कोणते काम आपणांस परके आहे? प्रेशर कुकर वापरणाऱ्या गृहिणीला ह्या विद्येचा अर्धा भाग आधीच येत असतो.

तिकडे जपानात मात्र शेतकरी अजून वाऱ्याच्याच भरवशावर होते. क्यूशू बेटावरच्या ओइता भागात कर्ज काढून ओंडके विकत घ्यावयाचे, खाचा पाडावयाच्या आणि देवाला हात जोडावयाचे, अशी स्थिती होती. अळंबी न आल्यास कर्ज फिटत नसे आणि कुटुंबाला गाव सोडावे लागे. किसाकू मोरी हा तरुण विद्यार्थी तेथे गेला असता, ओंडक्यांपुढे हात जोडून अळंबीची विनवणी करणारा एक म्हातारा शेतकरी त्याने पाहिला, असे त्याच्या चरित्रात सांगतात. ते दृश्य तो विसरला नाही. १९४२ मध्ये त्याने लाकडाच्या लहान लहान खुंट्यांत शुद्ध तंतू वाढविण्याची युक्ती काढली. ओंडक्याला भोक पाडावयाचे आणि त्यात खुंटी ठोकावयाची. मग वाऱ्याची मनधरणी नको. बियाणे हाती आल्याबरोबर शेतकऱ्याच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर झाली.

आता आपल्या पिशवीतल्या अळंबीकडे येऊ. पॅरिसची पांढरी बटणासारखी अळंबी थंड हवेची. तिला विशेष रीतीने कुजवलेले खत आणि चौदा ते अठरा अंशांपर्यंतची हवा लागते. म्हणून आपल्या देशात तिची लागवड प्रथम हिमाचल प्रदेशात, सोलनच्या डोंगरी हवेत, १९६१ पासून योजनापूर्वक सुरू झाली. मैदानी मुलखातल्या घरासाठी ती नव्हे. आपल्या घरी येते ती बहुधा धिंगरी. शिंपल्याच्या आकाराची म्हणून इंग्रजीत तिला ऑयस्टर म्हणतात. हिची लागवड जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, फाल्क ह्या शास्त्रज्ञाने झाडांच्या बुंध्यांवर करून दाखविली होती. अन्नाची टंचाई असलेल्या देशात लाकडातून अन्न काढण्याचा तो प्रयत्न होता.

लाकडावरून ती भाताच्या पेंढ्यावर आली, त्या कामात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. पेंढ्यावर अळंबी पिकविण्याचे प्रयोग कोइमतूर येथे १९४३ मध्ये झाले होते; परंतु ती जात निराळी, अधिक उष्ण हवेची. धिंगरीचे काम म्हैसूरला झाले. तेथे एका राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात १९५० साली केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था सुरू झाली. ह्या संस्थेतल्या झकिया बानो आणि श्रीवास्तव ह्या संशोधकांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी पिकविण्याची रीत १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९७४ च्या सुमारास हिमालयाच्या पायथ्याशी थोराच्या जातीच्या काटेरी झाडावर उगवणारी धिंगरीची आणखी एक जात जांडाईक ह्या संशोधकाने लागवडीस आणली. ती उबदार हवेतही झपाट्याने वाढते, म्हणून देशभर पसरली. १९८३ मध्ये सोलनला अळंबीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले आणि त्याच वर्षी निरनिराळ्या राज्यांत सुरू झालेल्या अखिल भारतीय प्रकल्पाचे एक केंद्र आपल्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आले. ज्या पेंढ्याला गुरांपुढे टाकण्यावाचून किंवा जाळण्यावाचून दुसरा उपयोग नव्हता, त्यावर आता भाजी येऊ लागली.

ह्या सगळ्या कथेचे सार आपल्या त्या टांगलेल्या पिशवीत आहे. पेंढ्याचे बोट-दोन बोटांचे तुकडे करून रात्रभर भिजत घालतात, गरम पाण्यात किंवा वाफेवर तापवितात, निथळून मुठीत दाबला असता पाणी ठिबकणार नाही इतपत ओलावा ठेवतात, आणि पिशवीत पेंढ्याचा एक थर व बियाण्याच्या दाण्यांचा एक थर असे भरतात. पंधरा-वीस दिवस ती अंधाऱ्या जागी ठेवली की सगळा पेंढा तंतूंनी पांढरा होतो. ह्या टप्प्यावर पिशवी आपल्या हाती विकली जाते. म्हणजे अवघड काम सगळे झालेले असते. आपण फक्त तिला हवा, थोडा उजेड आणि ओलावा द्यावयाचा. चांगली जमली तर एक किलो कोरड्या पेंढ्यामागे अर्धा ते एक किलो ताजी अळंबी तीन वेळच्या तोडणीत मिळते. छत्रीची कड वर वळण्यापूर्वीच झुबका पिळून काढावा. फार पिकू दिल्यास बीजाणूंची भुकटी हवेत उडते आणि काहींना तिने खोकला व दम्याचा त्रास होतो. म्हणून झोपण्याच्या खोलीत पिशवी टांगू नये. पेंढ्यावर हिरवा डाग दिसला तर दुसरी बुरशी शिरली असे समजून ती पिशवी घराबाहेर काढावी. पीक संपल्यावर पेंढा फेकू नये. कुजवला की कुंड्यांना उत्तम खत होते.

अळंबीच्या गुणांविषयी हल्ली फार मोठमोठी विधाने ऐकू येतात. त्यांनाही थोडी कात्री लावली पाहिजे. ताज्या अळंबीत शंभरातले नव्वद भाग पाणी असते आणि प्रथिने सुमारे तीन भाग. वाळवल्यावर तिचे प्रमाण डाळीच्या जवळपास जाते हे खरे. पण एक किलो ताजी अळंबी वाळवली, तर शंभरएक ग्रॅमच उरते. तेव्हा ती डाळीची जागा घेणारी नव्हे, डाळीबरोबर यावी अशी चवदार भाजी आहे. आणि रानातल्या अळंबीबद्दल तर एक सूचना हात जोडून करते: चांदीचे नाणे काळे पडते, तांदळाचा रंग बदलतो, असल्या परीक्षांवर कोणी विसंबू नये. विषारी अळंबी ह्या परीक्षांत बेलाशक उत्तीर्ण होते आणि शिजवल्यानेही काही जातींचे विष जात नाही. पिशवीतली धिंगरी आपण ओळखतो. बागेत उगवलेली अनोळखी छत्री, ती कितीही तिच्यासारखी दिसली, तरी खाऊ नये.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. शंभर पिशव्या टांगल्या तर पैसे मिळतील काय? अमेरिकेत १९३० नंतरच्या काळात मासिकांतून जाहिराती येत, की तळघरात अळंबी पिकवा, माल आम्ही विकत घेऊ. आपल्याकडेही आज तशीच बोलणी कानांवर येतात: पिशव्या आमच्याकडून घ्या, ठेव भरा, तयार माल आम्हीच उचलू. भगिनींनो, इंग्लंडच्या विटेची गोष्ट येथे आठवावी. ज्याच्या हाती बियाणे त्याच्या हाती व्यवहार. बियाणे जिवंत आहे की नाही हे ज्याला ओळखता येत नाही, त्याने विकणाऱ्याच्या शब्दावर घरातली शिल्लक लावू नये. शिवाय ताजी धिंगरी तीन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही. गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर असेल तरच तो धंदा. शंभर पिशव्यांपूर्वी दहा पिशव्या, आणि दहांपूर्वी गल्लीतली पाच कायमची गिऱ्हाइके, हा क्रम बरा. पिशवी घेताना बियाणे कोणत्या जातीचे, कोठे बनविलेले, किती दिवसांपूर्वीचे, हे तीन प्रश्न विचारावेत. दाण्यांवर पांढरे तंतू असावेत, हिरवा-काळा डाग नसावा, आंबूस वास नसावा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याची पिशवी कौतुकापुरती एक घ्यावी, उद्योगापुरती घेऊ नये.

तयार पिशवीला मी नावे ठेवीत नाही. पुष्कळ जणींना अळंबीची ओळख तिनेच करून दिली आहे, आणि दोन खोल्यांच्या घरात राहणारीला पेंढा भिजविण्याची सोय कोठून असणार! परंतु तयार पिशवी म्हणजे शिकवणीचा पहिला धडा. तेथेच थांबले तर आपण कायमच्या गिऱ्हाईक राहू. पॅरिसच्या कपाटातली विद्या फर्ग्युसन आणि डगर ह्यांच्या छापील निबंधांनी बाहेर आली, मोरीच्या खुंटीने जपानी शेतकऱ्याचे कर्ज चुकविले, म्हैसूरच्या संशोधकांनी पेंढ्याची रीत छापून आपल्या दारापर्यंत आणली. ज्या ज्या ठिकाणी बियाण्याची विद्या खुली झाली, त्या त्या ठिकाणी गरीब माणसाचे बरे झाले, हाच ह्या इतिहासाचा निर्वाळा आहे.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने मंडळापुढे एक सूचना ठेवते. कृषी महाविद्यालयांत आणि कृषी विज्ञान केंद्रांत अळंबी लागवडीचे अल्प मुदतीचे वर्ग असतात. मंडळाच्या निधीतून दोन-तीन होतकरू भगिनींना तेथे पाठवावे. त्यांनी प्रथम पेंढा तयार करणे व पिशवी भरणे शिकावे, पुढे बियाणे पारखणे शिकावे आणि जमल्यास बियाणे बनविण्यापर्यंत मजल मारावी. परत आल्यावर त्यांनी ते बाकीच्यांना शिकवावे, ही एकच अट. रानातून अळंबी आणणाऱ्या एखाद्या जाणत्या भगिनीलाही मानधन देऊन मंडळात बोलवावे. तिच्याजवळची पारख कोणत्याही वर्गात शिकवीत नाहीत. पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत अळंबीवर लेख लिहावयाचा तर तो इतिहासाचा नको. आपल्या भगिनींनी भरलेल्या पिशव्यांचा जमाखर्च असावा, आणि त्यात जो काही तोटा आला असेल तोही प्रामाणिकपणे छापावा, म्हणजे शेजारच्या मंडळांना त्याचा उपयोग होईल.